दोमितिलाच्या ट्रकची टिकटिक

एवारिस्तो शनिवारी सकाळी दाढी करून गॅरेज उघडायला लागला, तेव्हा मी काही बोलले नाही. माझा मावसभाऊ तो. त्याच्या गॅरेजची आणि माझ्या टपरीची छातीएवढी भिंत एकच, त्यामुळे तो शिंकला तरी मला कळतं. एरवी आठवडाभर गालावर खुंट वाढवून हिंडणारा माणूस. रविवारी देवळात जायचं म्हणून काय ती दाढी. ती आता शनिवारीच व्हायला लागली. हातसुद्धा चिंधीला पुसून भागत नव्हते, पेट्रोलने धुऊन वर लिंबू चोळलं जायचं. मी त्याला कॉफी द्यायची, गव्हाची गरम आरेपा, म्हणजे आमची जाड भाकरी, चीज घालून द्यायची, आणि तोंड मिटून बसायची. समोरचा न्हावी निकानोर मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"आज मुकुरांदाचा ट्रक यायचा वाटतं," तो आपल्या पायरीवरून म्हणायचा. "टिकटिक घेऊन."

मुकुरांदा म्हणजे आमच्या तिमोतेस गावाच्या वर, घाट चढत गेलं की जिथे झाडं संपतात आणि नुसतं गवत नि धुकं उरतं, तिथलं गाव. तिथून दोमितिला नावाची बाई दर शनिवारी बटाटे, गाजरं, लसूण घेऊन बाजाराला उतरायची. ट्रक तिच्या वडिलांचा, कधीकाळी हिरवा असलेला, आमच्या पिढीइतकाच जुना. ती स्वतः चालवायची. पाठीशी एक उशी, डोक्यावर वडिलांची टोपी, अंगावर लोकरीची जाड शाल, आणि वरच्या थंडीने कायमचे लाल झालेले गाल. पोरं सुरुवातीला बाई ट्रक चालवते म्हणून बघायची. मग सवय झाली.

ऑक्टोबरात एका शनिवारी माल उतरवून ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, इंजिन टिकटिक करतंय. एवारिस्तोने विचारलं, कशी टिकटिक. तिने माझ्या टपरीवरचा चमचा उचलला आणि बशीच्या काठावर नेमाने वाजवून दाखवला. "अशी," ती म्हणाली. "पाय दाबला की हीसुद्धा वेग घेते."

एवारिस्तोने बॉनेट उघडलं. त्याच्याकडे रबराची एक नळी होती. तिचं एक टोक तो कानात धरायचा आणि दुसरं इंजिनावर फिरवायचा, डॉक्टर छाती तपासतात तसं. टिकटिक वरून येते की खालून, इंजिनाच्या पावलाला पाऊल मिळवून चालते की निम्म्या चालीने, यावरून बरंच कळतं असं तो सांगायचा. निम्म्या चालीने असेल तर वरच्या व्हॉल्व्हची भानगड. पुऱ्या चालीने असेल तर खाली काहीतरी झिजलंय, आणि मग देवाचं नाव घ्यायचं. त्या दिवशी त्याने नळी सगळीकडे फिरवली. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं. इंजिन अगदी मांजरासारखं घुरघुरत होतं. दोमितिलानेही डोकं आत घालून ऐकलं आणि सरळ सांगितलं, "आत्ता नाही. घरी असते."

हे "घरी असते" निकानोरने उचललं आणि महिनाभर पुरवलं.

एवारिस्तोने तरी हात झटकले नाहीत. पुढच्या शनिवारी त्याने वरचं झाकण काढून व्हॉल्व्हच्या सगळ्या टॅपेटमधली फट पात्याने मोजून नीट लावली. त्याच्या पुढच्या शनिवारी तेल बदललं, पंखा नि पट्टा तपासला, प्लग काढून घासले. दर वेळी दोमितिला मान डोलवायची, आभार मानायची, आणि आठवड्याने येऊन सांगायची की टिकटिक तशीच आहे. ट्रक एक दिवस ठेवून जा, असं मीच तिला सुचवलं. ती म्हणाली, वडील एकटे आहेत, त्यांना उठवायला बसवायला माणूस लागतं, आणि रविवारी शेजाऱ्यांचा माल असतो. दुपार कलायच्या आत तिला घाट चढायला लागायचंच. बाजार, गॅरेज, माझ्याकडे एक कॉफी, की निघाली.

एकदा ट्रक वळणाआड गेल्यावर निकानोर वस्तऱ्याला धार लावता लावता म्हणाला, "एवारिस्तो, तुझ्या नळीचा काही दोष नाही रे. ती टिकटिक इंजिनात नाहीच. बाईच्या बरगडीखाली आहे. तिथे लावून बघ."

एवारिस्तोने तेलकट बोळा त्याच्या अंगावर फेकला आणि आत निघून गेला. पण मी भिंतीपलीकडून ऐकलं, तो आत शीळ घालत होता. कित्येक वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

हे काही त्या ऑक्टोबरातलं नव्हतं. मिसरूड फुटलं तेव्हापासून एवारिस्तो याच ट्रकवर क्लीनर होता. तेव्हा ट्रक दोमितिलाचे वडील, क्रिसान्तोकाका, चालवायचे. मुकुरांदाच्या अंगणात माल भरला जायचा आणि दोमितिला दाभणाने पोत्यांची तोंडं शिवायची. पोरगा पोतं धरायचा, पोरगी शिवायची. एवढंच. त्यातून जे व्हायचं ते झालं. पुढे तो इंजिनकाम शिकायला खाली आला, गॅरेज टाकलं, आणि कोट घालून तिला मागणी घालायला वर गेला. ती हो म्हणाली. पण थांबा म्हणाली. त्याच वर्षी तिची आई गेली होती आणि मागे दोन लहान भाऊ होते.

तो थांबला. भाऊ मोठे झाले आणि एकामागून एक माराकाइबोला तेलाच्या कामावर निघून गेले. आता तरी, असं आम्हाला वाटलं, तर क्रिसान्तोकाका भरल्या ट्रकवरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ट्रक दोमितिलाच्या हातात आला, काकाही तिच्याच हातात आले. एवारिस्तो म्हणाला, काकांना घेऊन खाली या, गॅरेजमागची खोली मी नीट करतो. काका म्हणाले, जन्मभर समोर हा डोंगर बघितला, मरताना तुझ्या गॅरेजची भिंत बघणार नाही. मग दोमितिला म्हणाली, तुम्हीच वर या. तर वर सगळे मिळून तीन ट्रक आणि एक ट्रॅक्टर. तो तिथे काय करणार होता? भांडण झालं नाही. कोणी कोणाला नाही म्हटलं नाही. गोष्ट नुसती तशीच राहिली आणि तिच्यावर वर्षं साचत गेली.

मधे मी त्याच्यासाठी एक स्थळ आणलं होतं, शाळेतली बाई, स्वभावाने गोड. तो एकदा कॉफी प्यायला गेला. कशी आहे विचारलं तर म्हणाला, "चांगली आहे." परत गेला नाही. ती अजून रस्त्यात मला विचारते, काय चुकलं होतं म्हणून.

म्हणून त्या टिकटिकीचं मला कौतुक वाटत नव्हतं, भीती वाटत होती. पन्नाशीला आलेला माणूस आठवडाभर शनिवारची वाट बघायला लागला होता. शुक्रवारी गॅरेज झाडायचा. एकदा मी त्याला रिकाम्या गॅरेजात, जिथे तिचा ट्रक उभा राहायचा तिथे, हात कमरेवर ठेवून नुसता उभा असलेला बघितला. निकानोरची थट्टा त्याच्या डोक्यात शिरली होती. ट्रकला काही झालेलंच नाही, बाई आपल्यासाठी येते, असं त्याला वाटायला लागलं होतं. तोंडाने तो तसं म्हणाला नव्हता. पण तपासायला आता तो पूर्वीइतकी नळी फिरवत नव्हता. बॉनेट उघडायचा आणि तिच्याशी बोलत उभा राहायचा. वरची गारपीट, लसणाची रोपं, काकांची खोड. इतकी वर्षं झाली तरी दोघं एकमेकांना तुम्हीच म्हणायची.

डिसेंबर सरताना दोमितिला जरा वैतागलेली दिसली. शेजारचा एक ट्रकवाला तिला म्हणाला होता, इंजिन संपलंय, थांबायच्या आत विकून टाक. तिला झोप लागत नव्हती. ट्रक गेला तर माल कसा उतरणार. एवारिस्तो धीर देत होता की इंजिन ठणठणीत आहे, तर ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही ते ऐकलेलं नाही. एकदा वर येऊन सकाळी ऐका. जानेवारीत आमच्याकडे बाळ येशूला उभं करायचंय, त्याला या. मुक्काम करा. ओतिलियाला घेऊन या."

ओतिलिया म्हणजे मी. आणि नाताळात गव्हाणीत निजवलेल्या बाळ येशूच्या मूर्तीला जानेवारीत उभं करतात, तो हा सण. लग्न न झालेल्या बाईच्या घरी लग्न न झालेला पुरुष मुक्कामाला एकटा कसा जाणार? मी टपरी एक दिवस बंद ठेवली. निकानोरला मी बजावलं की एक शब्द बोललास तर तुझी कॉफी बंद. तो बोलला नाही, पण एवारिस्तोचे केस त्याने फुकट कापून दिले.

शनिवारी बाजार उरकून आम्ही तिच्याच ट्रकमधून निघालो. मी मुद्दाम खिडकीशी बसले, म्हणजे एवारिस्तोला मधे बसावं लागलं, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांमधे घेऊन. दोमितिला गिअर बदलायची तेव्हा तो श्वास रोखून पाय आवरून घ्यायचा. घाटभर तो कान देऊन होता. इंजिन ओझ्याशिवाय आरामात चढत होतं. कुठे टिक नाही की टक नाही. तो बाहेर धुक्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा असा उजळलेला होता की मला बघवेना.

मुकुरांदाला पोचलो तेव्हा क्रिसान्तोकाका चुलीशेजारच्या खाटेवर बसले होते. कान गेले होते, जीभ जागेवर होती. एवारिस्तोला बघून ते म्हणाले, "क्लीनर आला. चाकाखाली दगड लावलास का?" एवारिस्तो म्हणाला, लावला काका. टिकटिकीचं मी मोठ्याने ओरडून विचारलं, तर ते म्हणाले, मला आता देवळाची घंटा ऐकू येत नाही, तुम्ही ट्रकचं विचारता.

संध्याकाळी शेजारपाजारचे जमले. व्हायोलिन, चार तारांची छोटी गिटार कुआत्रो, मेणबत्त्या. बाळाला गव्हाणीतून उचलून रेशमी रुमालात ठेवलं, आणि रुमालाची चार टोकं चौघांनी धरायची ती दोमितिलाने वाटून दिली. एक मला, एक शेजारच्या आजोबांना, एक एवारिस्तोला, आणि त्याच्या समोरचं तिने स्वतः घेतलं. रुमाल सैल पडला तर बाळ कलंडतं. म्हणून समोरासमोरच्या दोघांना एकमेकांकडे बघत, एकमेकांचं पाऊल सांभाळत चालावं लागतं. आम्ही अंगणाला फेरी घातली. मागे सगळे गात होते. थंडीने माझी बोटं बधीर झाली होती, पण मी त्या दोघांकडेच बघत होते. एवारिस्तो बाळाकडे बघत नव्हता. दोमितिला बघत होती बाळाकडे, आणि एकदाच मान वर केली. मग बाळाला गव्हाणीत उभं केलं, सगळ्यांनी पाया पडून चुंबन घेतलं, केक आणि वाइन फिरली, आणि मंडळी लवकर पांगली, कारण तिथली थंडी कोणाची भीड ठेवत नाही.

ट्रक अंगणात उभा होता. दोमितिला त्याचं पाणी काढून टाकत होती, गोठून इंजिन फुटू नये म्हणून. एवारिस्तो माझ्याजवळ दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ओतिलिया, सकाळी आवाज नसला ना, तर मी विचारणार आहे."

"काय विचारणार आहेस?"

"तेच. पुन्हा."

मी म्हटलं, "आणि आवाज असला तर?"

तो शाल घट्ट ओढून आत गेला. मी झोपले, पण झोपताना मी त्या ट्रकसाठी देवाकडे मागणं मागितलं, की बाबा, उद्या त्याला गप्प ठेव. आपण काय मागतोय ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

सकाळी सूर्य अजून डोंगरामागेच होता, पण उजेड आला होता. अंगणातल्या गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं. ट्रकची काच सगळी धुरकट. दोमितिलाने चुलीवर पाणी कोमट करून इंजिनात ओतलं, वर चढून बसली, आणि सेल्फ मारला. दोनदा नुसतं कण्हलं. तिसऱ्यांदा सुरू झालं.

टिक टिक टिक टिक. तिने माझ्या बशीवर वाजवून दाखवली होती तश्शीच. माझ्यासारख्या कॉफी विकणारीलाही ऐकू येईल इतकी स्वच्छ.

मी एवारिस्तोकडे बघितलं. तो जागचा हलला नव्हता. चेहऱ्यावर काही मोडलं वगैरे दिसलं नाही, नुसता एक दिवा कोणी आत घेऊन जावा तसा चेहरा झाला. मग त्याने खिशातून नळी काढली आणि बॉनेट उघडलं, आणि त्या क्षणापासून तो मिस्त्री झाला.

नळी फिरवता फिरवता तो इंजिनाच्या मागच्या बाजूला गेला, गाडीच्या केबिनला लागून जिथे काही दिसत नाही तिथे. मग चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी त्याने चिंधीत धरून एकेक काढायला नि लावायला सुरुवात केली. एक काढली, इंजिन लंगडलं, टिकटिक तशीच. दुसरी, तिसरी, तशीच. सगळ्यात मागची काढली आणि टिकटिक एकदम मंदावली. परत लावली, परत जोरात. त्याने हात खोल घातला आणि बोटं तिथे धरली. "व्हॉल्व्ह नाही," तो म्हणाला. "वारा आहे. फुंकर बसतेय हाताला."

इंजिनातला धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून सायलेन्सरकडे जातो, ते आवळून धरणारा मागचा स्टड, आट्यांचा खिळा, तुटला होता. नळकांडं तिथे केसभर सुटलं होतं, आणि प्रत्येक फेरीला त्या फटीतून धुराची फुंकर टिक करून बाहेर पडत होती. बॅटरीच्या उजेडात त्याने मला काजळीचा पंखा दाखवला. आम्ही बघत असतानाच आवाज बारीक होत गेला, आणि काकांची पेज माझ्या हातात निवायच्या आत तो पुरता थांबला. बीड तापलं की फुगतं, फट आपोआप बुजते, एवारिस्तोने सांगितलं. त्याच्या दारात पोचेपर्यंत ट्रक चांगला तापलेला असायचा. त्याने महिनोन् महिने नको त्या वेळी ऐकलं होतं.

मग त्याने काजळी कुठवर गेली ते बघितलं. केबिनच्या पत्र्याला तिथेच एक भोक होतं, कुठल्याशा जुन्या तारेसाठी पाडलेलं. त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या, म्हणजे धूर तिथून आत जात होता.

"सकाळी इंजिन तापेपर्यंत तुम्ही कुठे असता?" त्याने विचारलं.

"आतच बसते. काचा लावून. बाहेर काय गारठा असतो बघताय ना."

"डोकं दुखतं?"

दोमितिला हो म्हणाली. खाली घाटातलं चाचोपो येईपर्यंत दुखतं, कधी मळमळतं. तिला वाटायचं, झोप होत नाही म्हणून. एकदा एका वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

एवारिस्तो ट्रकच्या पायरीवर बसला. हात गुडघ्यांवर, काळे. मी दारात पेजेची वाटी घेऊन उभी होते. त्यांना मी दिसत होते, पण माझं त्यांना काही वाटलं नाही.

दोमितिला म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं मी उगाच सांगते."

"वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "तसं असावं असं मनात होतं."

इंजिन चालूच होतं, अगदी शांत. तिने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली.

"आवाज खरा होता, एवारिस्तो," ती म्हणाली. "पण मुकुरांदाहून निघालं की पहिलं गॅरेज तुमचं लागत नाही. चाचोपोला एक आहे. पुलाशी एक आहे. तिथे मी कधी थांबले नाही."

त्याने मान वर केली नाही. नुसता मान हलवत राहिला, हो, हो, अशी. आत काकांनी आवाज दिला, पेज कुठाय म्हणून, आणि मी आत गेले. काकांना भरवताना मी शाल तोंडापर्यंत ओढून घेतली, तर ते म्हणाले, थंडी वाजते तर चुलीपाशी बस.

त्याने ते भोक पत्रा नि चिकणमातीने बुजवलं. शनिवारपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवा, इंजिन तापेस्तोवर आत बसू नका, असं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पुढच्या शनिवारी ती शेजारणीला काकांपाशी बसवून उजाडताच आली. एवारिस्तोने दिवसभर खपून नळकांडं उतरवलं. तुटलेला स्टड तेलात भिजवून, शेगडीने तापवून, हळूहळू बाहेर काढला. घाई केली असती तर आत मोडला असता. नवे स्टड, नवं गॅस्केट. दोमितिला दिवसभर माझ्या टपरीवर बसली होती. आम्ही दोघींनी लसूण निवडला. ती मला म्हणाली, त्यांना वर यायला सांगायचा मला हक्क नाही, आणि खाली यायची माझ्यात ताकद नाही. मी म्हटलं, मग काय करायचं? ती म्हणाली, काही नाही, लसूण निवडायचा.

ट्रक बरा झाला. गॅरेजला यायचं कारण राहिलं नाही. ती शनिवारी बाजारात यायची, माझ्याकडे कॉफी प्यायची, गॅरेजच्या दारात उभी राहून दोन शब्द बोलायची आणि निघायची. निकानोरने थट्टा बंद केली, ती त्याने आपणहून केली. एवारिस्तोची दाढी चालू राहिली.

क्रिसान्तोकाका त्यानंतर बरेच दिवस जगले आणि आपला डोंगर बघत बघत गेले. एवारिस्तोने खांदा दिला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी. दुखवट्याचं वर्ष सरल्यावर त्याने विचारलंही, आणि दोमितिला खरोखर खाली आली, माझ्याकडे राहिली. तिने प्रयत्न केला हे मी शपथेवर सांगेन. पण तिला रस्त्याच्या आवाजात झोप येईना. दुपारची ती खुर्ची दारात ओढून बसायची आणि घाटाच्या दिशेने बघायची. एक दिवस एवारिस्तोनेच तिची पिशवी ट्रकमध्ये ठेवली. मग गॅरेज बंद करून तो वर गेला. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर त्याने दोनदा खोलून जोडला, तिसऱ्यांदा खोलायला लागला तेव्हा दोमितिलाने त्याला बसमध्ये बसवून दिलं.

लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, असं लोक मला विचारतात, जसं काही माझ्यापाशी उत्तर आहे. शनिवारी ती बाजाराला येते तेव्हा तो गॅरेज लवकर बंद करतो, पाव नि साखर घेतो आणि तिच्या शेजारी बसून वर जातो. सोमवारी पहिल्या बसने उतरतो, हातात पानात गुंडाळलेलं धुरी दिलेलं चीज, ते मला देतो. मी एकदा म्हटलं, एवढं जातोस येतोस, तिथेच का राहत नाहीस? तो म्हणाला, "थंडी फार असते गं." आणि आत जाऊन नट खोलायचे पाने मांडायला लागला. सोमवारी दुपारपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, हे आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी कॉफी नुसती आमच्या मधल्या भिंतीवर ठेवते.